पत्रिकेच्या मथळ्यासाठी सुलेखनी फॉन्ट: मजकुरापासून छपाईपर्यंत

लग्नपत्रिका असो, मुंजीचं निमंत्रण असो की दुकानाची पाटी, मथळ्याला सुलेखनाचं वळण असलेला फॉन्ट हवाच असतो. आणि चुकाही त्याच त्या होतात. ‘भ’चा ‘म’ वाचला जातो. शिरोरेषा मध्येच तुटते. स्क्रीनवर देखणी दिसणारी बारीक रेघ छापून आल्यावर गायब होते. यात फॉन्टचा दोष क्वचितच असतो. दोष असतो कामाच्या क्रमाचा: आधी फॉन्ट आवडतो, मग त्यात मजकूर कोंबला जातो आणि छपाई कशावर होणार हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. हा क्रम उलटा केला की निम्म्या चुका जागच्या जागी थांबतात.

उदाहरणासाठी एक पत्रिका धरून चालू. मथळा ‘शुभविवाह’, खाली नावं ‘श्रद्धा’ आणि ‘शार्दूल’. हे तीनच शब्द घेतले तरी सुलेखनी फॉन्टची बरीचशी परीक्षा होते.

## १. आधी ठरवा: किती शब्द, केवढे आणि कशावर

सुलेखनी फॉन्ट मोठ्या अक्षरांसाठी घडवलेला असतो. जाड-बारीक रेघांमधला फरक, लांब गेलेल्या वेलांट्या, खाली ओढलेले उकार हे सगळं मोठ्या आकारातच खुलतं. म्हणून मथळा आणि दोन नावं एवढंच त्यात ठेवा. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आजोळची नावं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हा सगळा मजकूर साध्या, सरळ फॉन्टमध्ये जाऊ द्या. मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी हे दोन्ही मोफत मिळतात आणि बारीक आकारातही नीट वाचता येतात. अख्खी पत्रिका सुलेखनी फॉन्टमध्ये केली की पत्ता वाचताना वयस्कर पाहुण्यांचे हाल होतात आणि मथळ्याचा उठावही जातो.

आता छपाई. सर्वांत बारीक रेघ किती जाड हवी, हे छपाईच्या प्रकारावर ठरतं. साध्या ऑफसेटमध्ये गुळगुळीत कागदावर पाव पॉइंटची (पॉइंट हे छपाईतलं लहान माप) रेघ सहसा टिकते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर शाई आत सरकते, म्हणून तिथे निदान अर्धा पॉइंट धरा. सोनेरी फॉइल, स्क्रीन प्रिंटिंग किंवा खरखरीत हातकागद असेल तर अर्ध्याच्याही वर जा आणि अंतिम आकडा छापखान्यालाच विचारा, कारण तो त्यांच्या यंत्रावर आणि डायवर (छापायच्या ठशावर) अवलंबून असतो.

थांबून विचारा: छपाईचा प्रकार कोणता? कागद कोणता? तुमच्याकडे किमान किती जाडीची रेघ स्वच्छ येते? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत फॉन्ट शोधायला बसू नका.

## २. मजकूर युनिकोडमध्ये पक्का करा

मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये, कोणत्याही साध्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) टाइप करा आणि घरच्यांकडून वाचून घ्या. सुंदर अक्षरांत शुद्धलेखनाची चूक लपते. साध्या अक्षरांत ती लगेच टोचते. पत्रिकांमध्ये हमखास चुकणारे शब्द असे: आशीर्वाद (दीर्घ शी), मुहूर्त (दीर्घ हू), गुरुवार (ऱ्हस्व रु), विनीत (दीर्घ नी). नातेवाइकांची नावं ते स्वतः जशी लिहितात तशीच घ्या. आडनावातला ‘ळ’ आणि ‘ल’ तर पुन्हा विचारून घ्या.

मजकूर जुन्या पत्रिकेतून उचलला असेल तर सावध राहा. श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत भलतंच चिन्ह साठवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट बदलताच सगळ्याची अगम्य चिन्हं होतात. रूपांतराची साधनं आहेत, पण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी या दोन गोष्टी हमखास सरकतात. रूपांतर केलंत तर रफार असलेला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचा.

दोन बारकावे फक्त टाइप करतानाच सांभाळता येतात.

पहिला, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. ‘सोयऱ्यांसह’, ‘वऱ्हाडी’, ‘कुऱ्हाडे’ हे शब्द नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ‘ऱ’ला हलंत (पाय मोडण्याचं चिन्ह) जोडून टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही हाच आकार मिळतो, पण मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवताना ते चिन्ह गळू शकतं आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो.

दुसरा, ‘ॲ’. वकिलांच्या नावाआधीचं ‘ॲड.’ टाइप करताना स्वतंत्र ‘ॲ’ वापरा. काही फॉन्टांत हे अक्षरच नसतं, मग त्या जागी दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर येऊन बसतं.

तपासा: मजकूर घरातल्या दोन वेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचला का? एकाने लिहून त्यानेच तपासलेला मजकूर तपासलेला धरू नका.

## ३. फॉन्टची परीक्षा तुमच्याच शब्दांवर घ्या

फॉन्टच्या जाहिरातीतला नमुना शब्द कधीच पाहू नका. तो फॉन्टला शोभेल असाच निवडलेला असतो. तुमचे शब्द टाका आणि एकेक अक्षर पाहा.

शुभविवाह. इथली सगळ्यात मोठी भीती ‘भ’ची. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला महत्त्वाचा फरक डावीकडच्या वरच्या टोकाशी आहे: ‘म’वर शिरोरेषा सलग जाते, ‘भ’वर ती तुटते आणि तिथे एक लहानशी गाठ वळते. सुलेखनी फॉन्टमध्ये शिरोरेषा लांबवलेली किंवा लाटेसारखी फिरवलेली असेल तर ती फट बुजते आणि पाहुण्यांना ‘शुमविवाह’ वाचायला मिळतं. ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांचंही असंच. ‘ख’ सुटा पडून ‘रव’ वाचला जातो का, तेही बघा. नावात यांपैकी एखादं अक्षर असेल आणि शंका आली, तर तो फॉन्ट कितीही आवडला तरी सोडा.

श्रद्धा. ‘द्ध’ एकसंध आहे की ‘द’चा पाय मोडून शेजारी ‘ध’ ठेवलाय? पाय मोडलेला ‘द्’ मथळ्यात डोळ्याला खुपतो. एकसंध असेल तर त्याच्या पोटातल्या पोकळ्या मोकळ्या आहेत का हेही पाहा, कारण शाई आधी तिथेच भरते.

शार्दूल. रफार ‘दू’वर बसायला हवा, ‘शा’च्या कान्यावर नाही. दीर्घ उकार ‘द’च्या पोटातून सुटून खाली किती जातो ते मोजा. सुलेखनी फॉन्टमध्ये तो खालच्या ओळीपर्यंत पोचतो. शेवटी ‘ल’: मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा आहे की हिंदी वळणाचा? ‘श’लाही मराठी आणि हिंदी अशी दोन वळणं आहेत. पुष्कळ फॉन्टांत मूळ आकार हिंदी वळणाचे असतात आणि मराठी आकार आत दडलेले असतात. ते कसे बाहेर काढायचे, हे पाचव्या टप्प्यात येईल.

मथळ्यात आणखी शब्द असतील तर त्यांचीही परीक्षा घ्या. ‘आशीर्वाद’मध्ये ‘शी’ची दीर्घ वेलांटी आणि ‘र्वा’चा रफार अगदी शेजारी येतात, ते एकमेकांवर चढतात का? ‘सौभाग्यकांक्षिणी’ हा तर एका शब्दात अख्खा प्रश्नसंच आहे. ‘कां’वरचा अनुस्वार पुढच्या वेलांटीच्या कमानीत अडकतो का, आणि ती कमान ‘क्षि’च्या दंडापर्यंत पोचते का, हे दोन्ही पाहा.

कुठून सुरुवात करावी, तर गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणाऱ्या फॉन्टांपासून. अमितामध्ये निबची जाड-बारीक रेघ आहे आणि दोन वजनं (रेघेच्या जाडीचे प्रकार) मिळतात. तिल्लाना जरा सैल, वळणदार आहे, त्याला पाच वजनं आहेत. बारीक रेघ छपाईला पुरत नसेल तर अशा फॉन्टमध्ये वरचं वजन घेता येतं, ही मोठीच सोय. कलम हा हाताने भरभर लिहिल्यासारखा फॉन्ट आहे; घरगुती कार्यक्रमाला शोभतो, भारदस्त पत्रिकेला कमी. जैनी हस्तलिखित कल्पसूत्रांच्या अक्षरांवर बेतलेला आहे, त्यामुळे त्याला पोथीचा भारदस्तपणा येतो. तो घेतलात तर तुमच्या शब्दांतलं प्रत्येक अक्षर आजच्या वाचकाला सहज ओळखू येतं का, हे आवर्जून बघा.

जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या सुलेखनी फॉन्टवरच मन बसलं असेल तर वापरा, पण फक्त मथळ्यापुरता. ते दोन-तीन शब्द त्यात नव्याने टाइप करा आणि पक्क्या मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

तपासा: निवडलेला शब्द प्रत्यक्ष मापात कागदावर काढा आणि शब्द आधी माहीत नसलेल्या माणसाला हातभर अंतरावरून वाचायला द्या. अडखळला, तर फॉन्ट बदला.

## ४. परवाना

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका. गूगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. छापील कामात, पाटीवर, व्यवसायासाठीही चालतात. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना मात्र नीट वाचा. संगणकावर बसवून छापील काम करण्याची परवानगी वेगळी, आणि संकेतस्थळ, ॲप किंवा बोधचिन्ह यांची परवानगी बऱ्याचदा वेगळी असते. व्हॉट्सॲपवरून आलेली फॉन्टची फाइल वापरू नका. ती अर्धवट असू शकते, आणि ज्याने महिनोन्‌महिने बसून ती अक्षरं घडवली त्याच्या कष्टांवर तो डल्ला असतो.

## ५. सॉफ्टवेअर मराठीसाठी तयार करा

फॉन्ट उत्तम असला तरी सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता येत नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. अशा वेळी लोक फॉन्टला नावं ठेवतात आणि दुसरा शोधत बसतात.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी लागते, आणि आधीच टाइप केलेला मजकूर नव्या पर्यायात आपोआप सुधारेलच असं नाही, म्हणून तो पुन्हा टाका. इंकस्केप मोफत आहे आणि देवनागरी व्यवस्थित जोडतं. कोरलड्रॉच्या फार जुन्या आवृत्तीवर काम करणारे ऑपरेटर असतील तर त्यांना मथळा टाइप करायला लावू नका; तुम्ही तयार केलेला आकार द्या.

यानंतर मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवा. फॉन्टमध्ये मराठी आकार भाषेशी जोडलेले असतील तर ‘ल’, ‘श’ आणि काही वेळा आकडेही आपोआप मराठी वळणाचे होतात. झाले नाहीत तर ग्लिफ्सच्या खिडकीत (जिथे फॉन्टमधले सगळे आकार दिसतात) तो आकार हाताने शोधा.

तपासा: ‘श्रद्धा, शार्दूल, आशीर्वाद, सोयऱ्यांसह, ॲड., ५ ८ ९’ ही एक ओळ टाइप करा. ती नीट आली तर पुढे जा.

## ६. मांडणी: शिरोरेषा सांभाळा

सर्वाधिक बिघाड याच टप्प्यात होतो, आणि त्यातला बहुतेक रोमन अक्षरांच्या सवयींमुळे.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणून ती एक रेघ दिसते. अंतर वाढवलं की रेघेला भेगा पडतात; कमी केलं की काने एकमेकांत घुसतात. कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) ‘मेट्रिक्स’वर ठेवा, ‘ऑप्टिकल’वर नको, कारण ‘ऑप्टिकल’ सॉफ्टवेअरच्या अंदाजाने अक्षरं सरकवतं आणि शिरोरेषेची त्याला कल्पना नसते. शब्द पसरून हवाच असेल तर आकार वाढवा.

खोटा ठळकपणा आणि खोटा तिरकेपणा बंद. सॉफ्टवेअर बाहेरून रेघ जाड करतं, त्यात ‘द्ध’चं पोट भरतं आणि निबच्या जाड-बारीकचा सगळा हिशेब बिघडतो. ठळक हवं असेल तर फॉन्टचं ठळक वजन घ्या.

ओळींमधलं अंतर सढळ ठेवा. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली लांब उकार, असं दोन्हीकडून अतिक्रमण होत असतं. अक्षराच्या मापाच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करा आणि मग ‘दू’चं शेपूट खालच्या ओळीच्या वेलांटीला लागत नाही ना, ते डोळ्याने पाहून कमी-जास्त करा.

दोन नावं शेजारी ठेवायची तर शिरोरेषा एका पातळीत आणा, खालच्या कडा नव्हे. देवनागरी वरून लटकते. ‘श्रद्धा’ आणि ‘शार्दूल’ यांच्या खालच्या कडा कधीच जुळणार नाहीत, आणि जुळवायला गेलात तर एक नाव वर उडी मारल्यासारखं दिसेल. चौकटीत मथळा मध्यावर आणताना सॉफ्टवेअरच्या बटणावर विसंबू नका. ते वेलांट्या आणि उकार धरून मध्य काढतं. डोळा मात्र शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतच्या पट्ट्याचा मध्य पाहतो.

मथळा कमानीवर बसवायची फार हौस असते. कमान तीव्र असली की प्रत्येक अक्षर आपापलं वळतं आणि शिरोरेषा खिडकीच्या तुटक्या पट्टीसारखी दिसते. कमान अगदी सौम्य ठेवा, नाहीतर अक्षरांचे आकार करून वरची रेघ नव्याने सलग काढा.

शेपट्यांचा मोह आवरा. काही फॉन्टांत एकाच अक्षराचे साधे आणि नक्षीदार असे पर्याय असतात. एका शब्दात एक नक्षीदार अक्षर पुरे, तेही शक्यतो सुरुवातीला किंवा शेवटी, जिथे शेपटीला मोकळी जागा असते.

रोमन अक्षरं शेजारी येणार असतील तर आणखी एक गोष्ट. देवनागरीच्या बोरूचा काप आणि रोमन निबचा काप उलट दिशेने असतो, त्यामुळे जाड रेघांचा कल दोन्हींत उलटा पडतो. मोठ्या आकारात हे झटकन जाणवतं. इंग्रजी नावं वेगळ्या, साध्या फॉन्टमध्ये आणि लहान मापात द्या, म्हणजे दोन्ही लिप्यांची झटापट होत नाही. फोन नंबर आणि तारीखही साध्या फॉन्टमध्येच.

सावधान: बारीक रेघांच्या अक्षरांना चार रंगांच्या मिश्रणातला रंग देऊ नका. यंत्रावर एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली तरी कडांना दुसऱ्या रंगाची झालर दिसते. एकच शाई वापरा: निव्वळ काळी, किंवा खास बनवलेला एकच रंग.

## ७. प्रूफ

प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, शंभर टक्के मापात काढा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर अक्षर लहान छापलं जातं आणि रेघेच्या जाडीचा निर्णय चुकतो. शक्य असेल तर ज्या कागदावर काम होणार त्याच कागदावर काढा. हातकागदाच्या खळग्यांत बारीक रेघ कशी विरते ते लेझर प्रिंटरच्या पांढऱ्या कागदावर कधीच कळत नाही.

प्रूफ दोनदा तपासा, वेगवेगळ्या नजरेने. एकदा फक्त मजकूर, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. एकदा फक्त आकार: शिरोरेषेच्या भेगा, भरलेली पोटं, एकमेकांवर चढलेले अनुस्वार, कापाच्या कडेला जाऊन भिडलेल्या वेलांट्या. घरच्यांची संमती या छापील प्रूफवर घ्या, फोनवरच्या चित्रावर नको.

पत्रिका फोनवरही जाणार असेल तर तिची वेगळी प्रत करा. छापील पत्रिकेचा फोटो पाठवला की बारीक रेघा आधी मरतात. उभ्या पडद्यासाठी १०८० बाय १९२० पिक्सेलचं पान घ्या, मथळा मोठा करा, एक वजन वरचं निवडा आणि स्वतःलाच पाठवून उघडून पाहा.

## ८. कर्व्ह आणि छापखान्याची फाइल

सगळ्यांची संमती झाल्यावरच अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं रूपांतर निव्वळ आकारांत करा. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण कर्व्ह झालेल्या ‘गुरूवार’ला पुन्हा ‘गुरुवार’ करता येत नाही.

कर्व्ह केल्यावर प्रत्येक शब्दाचे आकार एकत्र जोडा. कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट. शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात हे वर आलंच आहे. आकार जोडले नाहीत तर बाह्यरेघ देताना, पारदर्शक रंग भरताना किंवा फॉइलचा डाय करताना त्या सांध्यांच्या उभ्या रेघा बाहेर येतात. जोडल्यावर ‘द्ध’, ‘भ’, ‘व’ यांच्या पोकळ्या बुजल्या नाहीत ना ते लगेच पाहा.

मग पीडीएफ करा, कापासाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा जागा सोडा आणि ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर, जिथे तुमचा फॉन्ट बसवलेला नाही तिथे, उघडून पाहा.

नावाची पाटी ॲक्रिलिकमध्ये किंवा लाकडात लेसरने कापून घ्यायची असेल तर आणखी थोडं काम उरतं. शिरोरेषा अक्षरांना धरून ठेवते, ही देवनागरीची सोयच आहे. पण अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ता कशालाच जोडलेले नसतात आणि कापताच गळून पडतात. त्यांना बारीक दांडीने अक्षराशी जोडा, नाहीतर मागे आधाराचा पत्रा घ्या. स्टेन्सिल कापायचा असेल तर प्रश्न उलटा होतो: तिथे ‘व’, ‘ब’, ‘घ’ यांच्या पोटातला भाग गळतो आणि सलग शिरोरेषेची लांब फट पट्टीला कमकुवत करते. म्हणून पोटांना आणि शिरोरेषेला मध्ये मध्ये पूल सोडा.

छापखान्यात शक्य असेल तर पहिल्या काही प्रती निघताना स्वतः हजर राहा. मंजूर प्रूफ सोबत न्या, शेजारी धरा आणि आधी सर्वांत बारीक रेघ पाहा, मग ‘द्ध’चं पोट, मग रंग. शाई जास्त असेल तर ऑपरेटरला तिथेच सांगता येतं. सगळ्या प्रती निघाल्यावर सांगून उपयोग नसतो.